वरच्या खोलीतलं बी

माझ्या नवऱ्याने इंदूर पाहिलेलं आहे, फोनवर. त्यामुळे मी एकटीच निघाले. निमित्त दादाच्या फोनचं. दादा म्हणजे माझा मामेभाऊ. देपालपूरच्या पुढे त्याचं गाव आहे आणि तिथे त्याची थोडीशी काळी जमीन आहे. तो म्हणाला, "सुलू, शेत या साली लंब्या ठेक्यावर देऊन टाकतो. एक पार्टी आहे, गोदाम बांधणार. सोयाबीनमध्ये आता काही नाही राहिलं. तुला बघायचं असेल तर एकदा येऊन जा." एखाद्या आजारी माणसाला भेटून जा म्हणावं, तसा तो बोलला.

मी सांगलीची. लहानपणी मेच्या सुट्टीत आम्ही या शेतावर जायचो. आईचे पूर्वज तिकडच्या संस्थानी फौजेत होते. पुढे घोडे गेले, फौज गेली, संस्थानही गेलं. जमीन आणि मराठी एवढं उरलं, आणि दोन्हींत आता बरीच सरमिसळ झाली आहे. माझ्या लग्नाच्या सुमाराला तिकडे सोयाबीन नवं आलं होतं. लोक त्याला पिवळं सोनं म्हणत. मामाने त्या जोरावर मला पैठणी दिली होती, ती मी अजून दोनदाच नेसले आहे. ते शेत जायच्या आत पाहावं, आणि जमलं तर सोयाबीन का बसलं तेही विचारून घ्यावं, असा माझा बेत होता. हा प्रश्न इतका सोपा नसावा, याची कल्पना मला पहिल्याच सकाळी आली.

इंदूर

इंदुरात सकाळी पोह्यांबरोबर जिलबी खातात. एकाच वेळी, एकाच हाताने. पोहे वाफेवर केलेले असतात, त्यावर शेव आणि जिरावण नावाचा एक मसाला असतो. आमच्याकडे कांदेपोहे पाहुण्यांसाठी आणि मुलगी पाहायला आलेल्यांसाठी करतात. इथे गाव रोज सकाळी स्वतःलाच पाहायला येत असावं, इतकी गर्दी होती. ही जोडी मला पटली नाही. खात्री करून घ्यावी म्हणून मी आणखी एक प्लेट घेतली आणि घरी न्यायला जिलबी बांधून घेतली.

दादाने एक काम सांगितलं होतं. पोलोग्राउंड या कारखान्यांच्या भागात एका मिस्त्रीकडे पेरणी यंत्राची पट्टी दुरुस्तीला दिली होती, ती घेऊन ये. बियाण्याच्या पेटीखाली ही लोखंडी पट्टी बसते. तिला छिद्रं असतात आणि त्यांतून दाणे नळीत पडतात. मिस्त्रीने ती फडक्याने पुसून माझ्या हातात दिली. फडकं पट्टीपेक्षा काळं होतं.

"माताजी, आपके भाईसाब हर साल बोलते हैं, छेद और बड़ा करो," तो म्हणाला. "अब और कितना बड़ा करूं? इसके आगे तो पूरी पट्टी ही छेद हो जाएगी."

मी विचारलं, सोयाबीन का बसलं? तो म्हणाला, ट्रॅक्टरवाले पळवतात. पेरताना पळवतात, मग बी कुठेही पडतं. हे मला एकदम पटलं. मी पट्टी पिशवीत ठेवली. ती जिलबीवर बसली, हे मला पुढे कळलं.

गावाकडे नेणारा गाडीवाला मूळचा महूचा होता. सोयाबीनचं नाव काढताच त्याने मान हलवली. "सोयाबीन तो गया. घोड़ारोज खा जाते हैं. रात में आते हैं, पूरी फौज." घोडारोज म्हणजे नीलगाय. हेही मला पटलं. देपालपूरच्या बाजारात आम्ही पाण्यासाठी थांबलो, तिथल्या औषधांच्या दुकानदाराने सांगितलं की दोष किड्यांचा आहे आणि त्याहून जास्त, फवारणी वेळेवर न करणाऱ्यांचा. फवारणीच्या बाटल्या त्याच्याच दुकानात होत्या. चहाच्या टपरीवरचे एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, ढोरं विकली, शेण गेलं, माती उपाशी आहे. त्यांच्याशेजारचे म्हणाले, उपाशी तर आहेच, त्यात ती भावाभावांत वाटली गेली आहे. एवढ्याशा तुकड्यात काय पिकणार.

सगळे बरोबर बोलत होते. कुणी कुणाचं खोडलं नाही, प्रत्येकाने फक्त स्वतःचं कारण वर ठेवलं. गावाला पोहोचेपर्यंत मला सोयाबीनची दया यायला लागली होती. इतकं सगळं अंगावर घेऊन ते आजवर उगवलं, हेच जास्त होतं.

दादाचं घर

दादा ओसरीवर बसला होता. त्याने माझ्या हातून आधी पट्टी घेतली, उजेडाकडे धरून छिद्रं पाहिली आणि मग मला पाहिलं.

"आलीस तू. बैठ आधी. पाणी पी. शेत कुठे पळून नाही जाऊन राहिलं. मतलब, रविवारपर्यंत तरी नाही."

पार्टी रविवारी येणार होती. पार्टी म्हणजे गोदामवाला. त्याचं नाव त्या घरात कुणी घेत नव्हतं, सगळे पार्टीच म्हणत. मी आले तो मंगळवार होता. जूनचा पहिला आठवडा, आभाळ कोरं आणि घरात कूलर चालू.

वहिनीने जिलबीचा पुडा उघडला, वास घेतला आणि गाईला घातला. शेजाऱ्यांच्या गाईला, कारण यांची गाय आता नाही. गाईनेही ती विचार करून खाल्ली.

घरात तिसरं माणूस म्हणजे सून, रश्मी. तिचा नवरा पीथमपूरला कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतो आणि सुट्टीला येतो. शेत खरं तर रश्मीच पाहते. ती इंदुरात वाढलेली. लग्न होऊन आली तेव्हा तिला गहू आणि गवत यांतला फरक कळत नव्हता, असं दादा सांगतो. आता दादाला चष्म्याशिवाय दिसत नाही ती कीड तिला बांधावरून दिसते, हेही तोच सांगतो, पण हळू आवाजात.

संध्याकाळी ती मला शेतावर घेऊन गेली. जमीन नांगरून पडली होती. काळी, भेगाळलेली, ढेकळं पायाला टोचत होती. बांधावर बाभळीखाली आम्ही बसलो.

"आत्या, शेत गेलं ना, तर आम्ही पीथमपूरला शिफ्ट होऊ," ती म्हणाली. "दोन खोल्यांचा फ्लॅट बघून ठेवलाय यांनी. चौथ्या मजल्यावर. मी तिथे काय करू दिवसभर, लिफ्ट वर-खाली जाताना बघू?"

"दादाला सांग ना."

"सांगितलं. ते म्हणतात, बेटा, तू मेहनत करून राहिली आहेस ते दिसतं, पण उगवतच नाही तर मेहनत कशावर करशील? आणि आत्या, ते गलत नाही बोलत. मागच्या साली निम्मं शेत उगवलंच नाही. त्याच्या मागच्या सालीपण. म्हणून पप्पाजी दरवर्षी बी वाढवतात. मग जिथे उगवतं तिथे इतकं दाट, की झाडं उंच होऊन आडवी पडतात. शेंगा लागणार कुठे?"

मला मिस्त्रीची पट्टी आठवली. रश्मीचा अंदाज बियाण्याचा होता. बी बदलून पाहू, दुकानातून आणू, असं तिने सुचवलं होतं. दादाने ते उडवून लावलं होतं. घरचं बी म्हणजे घरचं बी. मामाच्या वेळेपासून या घरात बियाणं बाहेरून आलेलं नाही. मध्ये एकदा वाण बदलला, तोही मामाच्या एका मित्राकडून आणला, तेव्हा त्याला बाहेरचं म्हणत नाहीत.

त्या पोरीचा चेहरा पाहून मला वाईट वाटलं. मी तिला म्हटलं, मी दादाशी बोलते. खरं म्हणजे मी दादाशी आयुष्यात एकदाही बोलून जिंकलेली नाही.

जिना

प्रवासाला गेलं की तिकडच्या पद्धती पाहाव्यात आणि जमतील तेवढ्या पाळाव्यात, असं माझं मत आहे. त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी जिना चढण्याआधी पहिल्या पायरीला हात लावून नमस्कार करते, हे माझ्या लगेच लक्षात आलं. आमच्याकडे उंबऱ्याला करतात. इकडे जिन्याला करत असावेत. मी काही न विचारता तसंच करायला लागले. दादाने मला एकदा पायरीला हात लावताना पाहिलं, जरा थांबला आणि निघून गेला.

जिना घराच्या मधोमध आहे, अंधारा आणि गार. वर एकच मोठी खोली आहे, सिमेंटच्या भिंती आणि वर पत्रा. या खोलीत बी असतं. मळणी झाली की पहिली पोती वर चढवायची, त्यांच्यापुढे दिवा लावायचा आणि पेरणीपर्यंत ती तिथेच ठेवायची. मामाने घालून दिलेला नियम आहे. बी म्हणजे लक्ष्मी, तिच्यावरून कुणाचा पाय जाता कामा नये. म्हणून ते घरात सगळ्यात वर.

मी दुपारी ती खोली पाहायला गेले. पोती ओळीने रचलेली होती, पुढे पणती होती, हळदीकुंकू वाहिलेलं होतं. इतक्या प्रेमाने ठेवलेलं धान्य मी कुठे पाहिलेलं नाही. थोड्याच वेळात मला गरगरायला लागलं आणि मी भिंतीला धरून खाली आले. वहिनीने कैरीचं पन्हं दिलं.

"तू दुपारी कशाला गेलीस वर?" दादा म्हणाला. "भट्टी असते ती."

"मग बियाला काही होत नाही?"

"बियाला काय होणार? माणसालाच होतं."

त्या दिवशी जेवायला दाल-बाफले होते. बाफला म्हणजे कणकेचा गोळा आधी उकडतात, मग भाजतात आणि नंतर तुपात बुडवतात. आमच्याकडे एका पदार्थावर एकदाच अन्याय करतात. खाऊन झाल्यावर माणसाने वाद घालू नये अशी त्यामागे योजना असावी. पण मी रश्मीला शब्द दिला होता, म्हणून मी विषय काढला. आमच्या सांगलीजवळ हळद पेवात ठेवत, असं मी सांगितलं. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं कोठार. तोंड वर लहान, पोट खाली मोठं. त्यात हळद भरून तोंड मातीने बंद करायचं. आमचंही एक होतं, पुढे महापुराचं पाणी शिरलं आणि ते गेलं.

दादाने घास खाली ठेवला. "जमिनीखाली? आणि वर काय असतं?"

"रस्ता. मैदान. पूर्वी बैलगाड्या जायच्या वरून."

"हळदीवरून बैलगाड्या?"

"हो."

"आणि तीच हळद तुम्ही नवरीला लावता."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? दादाने वहिनीकडे पाहिलं. सांगलीला मुलगी दिली तिथेच चुकलं, असं त्या पाहण्यात होतं, आणि ती मुलगी म्हणजे माझी आई. वहिनी मात्र माझ्याकडे बघत होती. ती म्हणाली, "आणि सडत नाही? हळद?"

"वर्षानुवर्षं नाही. खाली गार असतं ना."

"अच्छा," वहिनी म्हणाली आणि मला आणखी एक बाफला वाढला. तो मी मागितला नव्हता.

ओलं गोणपाट

बुधवारी संध्याकाळी रश्मीने हट्टच धरला. वरच्या पोत्यांतलं मूठभर बी घेऊन उगवण करून पाहू. ओल्या गोणपाटावर दाणे ओळीने मांडायचे, गुंडाळी करायची, रोज पाणी शिंपडायचं. चार दिवसांत जे जिवंत आहे ते कोंब काढतं. दादाने विरोध केला नाही. उलट त्यानेच वरून बी काढून आणलं, प्रत्येक पोत्यातून थोडं थोडं. "बघ तू. घरचं बी आहे, गोणपाट फाडून वर येईल," तो म्हणाला. गुंडाळी न्हाणीघरात नळाजवळ टांगली.

मधले दिवस मी गाव पाहण्यात घालवले. पाहण्यासारखं एक देऊळ, एक शाळा आणि एक मोबाईलचा टॉवर आहे. दादाच्या मते टॉवर आल्यापासून सोयाबीनला पिवळा रोग येतो. टॉवर नसलेल्या गावातही येतो, असं रश्मी म्हणाली. तिथे वाऱ्याने जात असेल, असं दादाने सांगितलं. शिवाय पाऊस ऑगस्टमध्ये पाठ फिरवतो आणि कापणीला न बोलावता हजर होतो. हे मात्र दोघांनाही मान्य होतं.

स्वयंपाकघरात माठाच्या मागे मला एक ओलं फडकं बांधून ठेवलेलं दिसलं. वहिनीने मटकी भिजत घातली असणार, म्हणून मी गुरुवारी उसळीची वाट पाहिली. शुक्रवारीही पाहिली. तीन दिवस फक्त तूप खाऊन माणूस उसळीसाठी किती हळवं होतं ते मला तिथे कळलं. शनिवारी मी न राहवून म्हटलं, "वहिनी, मटकीला मोड आले असतील ना?" वहिनी म्हणाली, "हौ, उद्या बघू." आणि तिने फडकं माठामागे आणखी आत सरकवलं. मला वाटलं, मांजराच्या भीतीने.

रविवार

पार्टी अकरापर्यंत येणार होती. त्याआधी रश्मीने ओसरीवर गोणपाट आणलं आणि आम्ही सगळे भोवती बसलो. रश्मीचा नवरा आदल्या दिवशी येऊन परत शिफ्टला गेला होता. जाताना फ्लॅटवाल्याला हो सांगू का, असं तिला विचारून गेला होता. तिने सोमवारी सांगते म्हटलं होतं.

तिने गुंडाळी उलगडली. पहिल्या ओळीत एका दाण्याला कोंब होता. बाकीचे फुगून मऊ झाले होते, काहींवर बुरशी आली होती. दुसऱ्या ओळीत एकही नाही. तिसऱ्या ओळीत दोन, तेही वाकडे. पुढचं तिने उलगडलं, पण पाहिलं नाही.

दादाने एक दाणा बोटांत धरला. तो फुटून त्यातून पाणी आलं. त्याने बोट धोतराला पुसलं.

"बी मेलं," तो म्हणाला. "माझ्या घरात." मग गोणपाट बाजूला सारून म्हणाला, "चला, बरं झालं. आता पार्टीला हो म्हणताना जीव अडकणार नाही."

रश्मी गोणपाट गुंडाळायला लागली. तिने हट्टाने ही परीक्षा घेतली होती आणि तिच्याच हाताने शेत गेलं होतं. मला तिच्याकडे बघवेना. मी उठून आत जाणार, तेवढ्यात वहिनी माठामागचं फडकं घेऊन आली आणि तिने ते दादासमोर सोडलं.

मटकी नव्हती. सोयाबीन होतं. एकूण एक दाण्याला नाही, पण बहुतेकांना बोटभर पांढरे, सरळ, जाड कोंब आलेले होते. फडक्याच्या विणीतून ते आरपार गेले होते आणि सोडवताना वहिनीला ते हलक्या हाताने काढावे लागत होते.

"हे कुठलं?" दादाने विचारलं.

"घरचंच."

"घरचं तर वर आहे."

"एक पोतं खाली राहिलं होतं," वहिनी म्हणाली. "मळणीच्या दिवशी. मजूर निघून गेले, पोरगा शिफ्टला होता, माझे गुडघे नाही चालत. म्हटलं आत्तापुरतं राहू दे. मग ते राहूनच गेलं. तुम्हाला सांगणार होते."

"खाली कुठे?"

वहिनीने जिन्याकडे पाहिलं. जिन्याखाली जुना बंद कूलर ठेवलेला आहे. त्याच्या मागे ते पोतं होतं. दिवाळीपासून आत्तापर्यंत. घरातला प्रत्येक माणूस रोज त्याच्यावरून चढत-उतरत होता. बियापुढे दिवा लावायला दादा रोज संध्याकाळी वर जायचा, तोही.

दादाने पायांतल्या चपला काढून बाजूला ठेवल्या. आता त्याचा उपयोग नव्हता, पण त्याने काढल्या.

"मी रोज त्याच्यावरून..."

"हौ," वहिनी म्हणाली. "म्हणून तर मी पायरीला हात लावून माफी मागत होते ना रोज. तुमच्या हिश्श्याचीपण मागितली."

दादाने माझ्याकडे बोट केलं. "आणि ही? ही कशाची मागत होती?"

"मला वाटलं, इकडची पद्धत आहे," मी म्हटलं.

"मला वाटलं, सांगलीची."

रश्मीला हसू आलं आणि त्यातच तिला रडूही आलं. तिने पदराने तोंड पुसलं. दादा कोंबांकडे बघत राहिला. मग त्याने मला विचारलं, "तुमची हळद खरंच खाली असायची?"

"खरंच."

"आणि वरून गाड्या."

"बैलगाड्या."

तो उठला आणि अनवाणी जिना चढून वर गेला. आम्ही खाली ऐकत होतो. पत्र्यावर हात मारल्याचा आवाज आला, आणि लगेच हात काढून घेतल्याचा शब्दही ऐकू आला, जो मी लिहीत नाही. तो खाली आला तेव्हा त्याचा तळवा लाल झाला होता.

"बाबांच्या वेळी वर कौलं होती," तो म्हणाला. "मातीच्या भिंती. मे महिन्यातपण वर गार असायचं, आम्ही दुपारी तिथेच झोपायचो. सुलू, तूपण झोपायचीस." मला आठवलं. बियाच्या पोत्यांना टेकून आम्ही कैऱ्या खायचो. "मग सोयाबीन चांगलं पिकलं, मी वरचा मजला पक्का केला. पत्रा टाकला. सोयाबीनच्याच भरवशावर टाकला." तो खाली बसला. "बाबांनी सांगितलं तसंच केलं मी सगळं. एक पोतं खाली नाही ठेवलं कधी."

नियम मामाचा होता, तो चुकीचा नव्हता. छप्पर दादाचं होतं, तेही त्याने हौसेने केलं होतं. आणि दर साली त्या भट्टीतून भाजून निघालेलं बी तो दिवा लावून, हात जोडून शेतात नेत होता, आणि उगवलं नाही की पट्टीची छिद्रं मोठी करत होता. मला त्याची इतकी कणव आली की मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो म्हणाला, "हात भाजलाय, पाठ नाही."

तेवढ्यात पार्टी आली.

पांढऱ्या गाडीतून आलेला हा गृहस्थ अतिशय सभ्य निघाला. दारात बूट काढले, वहिनीला नमस्कार केला, माझ्या हातात मिठाईचा खोका दिला. त्याच्यावर राग धरायची माझी तयारी होती, ती वाया गेली. चहा झाला. त्याने रस्त्याचं, पाण्याचं विचारलं. मग तो उठला आणि म्हणाला, वरून पूर्ण जमीन दिसत असेल ना, एकदा बघून घेतो. आणि तो जिन्याकडे निघाला.

आम्ही तिघी दादाकडे पाहत होतो. रश्मी कपबशा गोळा करता करता तशीच उभी राहिली.

पार्टीने पहिल्या पायरीवर पाय ठेवला. दादा म्हणाला, "वर नका जाऊ."

त्याला मराठी येत नव्हतं, पण तो थांबला. "जी?"

"खाली बी आहे."

पार्टीने रश्मीकडे पाहिलं. "नीचे बीज रखा है," रश्मी म्हणाली.

"अरे, तो हटवा लेते हैं," पार्टी म्हणाला.

"हटवू," दादा म्हणाला. "पेरणीला. पाऊस आला की."

पार्टीने पाय खाली घेतला. त्याला बहुधा सगळं कळलं नसावं, पण एवढं कळलं. त्याने आणखी अर्धा कप चहा घेतला, यंदा पाऊस कसा होईल यावर दोघे बराच वेळ बोलले आणि तो गेला. खोक्यात मिल्क केक होता. चांगला होता.

परत

एका पोत्याने निम्मं शेत होईल असं रश्मीचं म्हणणं पडलं, उरलेल्या निम्म्यात मका आणि तूर. दादा म्हणाला, एका पोत्याने पाव शेत होतं. रश्मी म्हणाली, पप्पाजी, उगवणारं बी आहे, पातळ पेरू. त्यावर दोन दिवस वाद चालला. मी निघाले तेव्हा मला पोलोग्राउंडला नेऊन द्यायची पट्टी मिळाली. छिद्रं लहान करून घ्यायची होती. मिस्त्रीने ती हातात घेतली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "माताजी, छेद बड़ा होता है. छोटा नहीं होता." त्याने नवी पट्टी केली. या वेळी ती मी जिलबीपासून लांब ठेवून गाडीवाल्याबरोबर पाठवली.

घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, "मग? का बसलं सोयाबीन?" मी म्हटलं, पाऊस, किडे, घोडारोज, शेण, वाटण्या, ट्रॅक्टर. तो म्हणाला, हे तर मी फोनवर पण पाहिलं होतं. मी त्याला जिन्याचं सांगितलं नाही. त्यासाठी त्याने स्वतः जायला हवं होतं.

दिवाळीच्या सुमाराला रश्मीचा फोन आला. शेत एकसारखं उगवलं होतं, कुठे मोकळा चट्टा नव्हता. पुढे ऐन कापणीत पाऊस आला आणि थोडं भिजलं, घोडारोजांनीही आपला वाटा नेला. पिवळं सोनं वगैरे काही नाही, पण बरं झालं. फ्लॅटवाल्याला कधीच नाही सांगून टाकलं होतं. मग फोन दादाने घेतला.

"नवीन बी कुठे ठेवलं?" मी विचारलं.

"माझ्या खोलीत. घरात सगळ्यात गार तीच आहे, उत्तरेकडची."

"आणि तू?"

"मी ओसरीवर. खूप थंडी पडून राहिली आहे, सुलू."

"पण तुझ्या खोलीच्या वर तर ती खोली आहे. वर कुणी चाललं तर बियावरून पाय नाही का जाणार?"

"म्हणून वर कुलूप लावलं," दादा म्हणाला. माझ्या डोक्यात हे त्याच्या आधी आलं नाही, याचा त्याला आनंद झालेला दिसला. "कुणीच नाही जायचं वर. मीपण नाही."

"किल्ली तुझ्याकडेच ना?"

"माझ्याकडे कशाला? रश्मीकडे. शेत ज्याचं, किल्ली त्याच्याकडे." मग त्याला खोकला आला, आणि तो म्हणाला, फोन ठेवतो, मफलर आत राहिला आहे, आणि आत बी झोपलंय.